विद्युतवाहकतेवरून विद्राव्य घनपदार्थांचे अनुमान : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पाण्याच्या नमुन्यात विरघळलेले घनपदार्थ किती आहेत, हे ठरविण्याची मूळ रीत वजनाची आहे. नमुना गाळावयाचा, त्याचे ठरावीक घनफळ बशीत घेऊन आटवावयाचे, उरलेला अवशेष १८० अंश सेल्सिअस तापमानाला सुकवून डेसिकेटरमध्ये थंड करावयाचा आणि वजन स्थिर होईपर्यंत तोलावयाचा, असा हा क्रम आहे. त्यात एक दिवस जातो, तराजू चांगला लागतो आणि हात सरावाचा लागतो. दुसरी रीत विद्युतवाहकतेची आहे. पाण्यात बुडविलेल्या दोन पट्ट्यांमधून वीज किती सहज वाहते हे उपकरण मोजते, त्या आकड्याला एका गुणकाने गुणले जाते आणि येणारा गुणाकार ‘एकूण विद्राव्य घनपदार्थ’ किंवा सर्वांच्या तोंडी असलेला ‘टीडीएस’ म्हणून नोंदविला जातो. या रीतीला अर्धा मिनिट पुरतो.

महाविद्यालयीन पातळीवरील पाणी-अभ्यासांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि ग्रामपंचायतीच्या विहिरींच्या तपासणीत ही दुसरी रीत आता इतकी रुळली आहे की, पहिल्या रीतीचे नाव केवळ ‘साहित्य व पद्धती’ या शीर्षकाखाली उरते. आक्षेप वाहकतेच्या मोजमापावर नाही. ते मोजमाप उत्तम आहे. किंबहुना प्रयोगशाळेबाहेर करता येणाऱ्या पाण्याच्या मोजमापांत त्याच्याइतके विश्वसनीय दुसरे क्वचितच असेल. आक्षेप आहे तो मोजमापानंतर होणाऱ्या गुणाकारावर, आणि विशेषतः तो गुणाकार झाला आहे हे विसरून जाण्यावर. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात हे विसरणे अधिक महाग पडते. कारण तेथे जांभ्याच्या सड्यावरून वाळूच्या दांड्यावर उतरताना काही किलोमीटरांच्या अंतरात पाण्याची जातच बदलते.

गुणकाचा उगम

आपल्याकडील बहुसंख्य अभ्यासांत आढळणारा गुणक ०.६४ हा आहे. तो कोठून आला, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया येथील लवणता प्रयोगशाळेने १९५४ साली खारवट व चोपण जमिनींवरील आपली प्रसिद्ध हस्तपुस्तिका, क्रमांक ६०, प्रकाशित केली. वाहकता मिलिम्होमध्ये असेल तर ६४० ने गुणावे म्हणजे क्षारांचे प्रमाण स्थूलमानाने मिळते, असे तीत दिले आहे. तो सल्ला सिंचनाचे पाणी व मातीचे अर्क यांच्यासाठी होता, आणि त्यामागे अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातील, कॅल्शियम, सोडियम, सल्फेट व बायकार्बोनेट यांनी युक्त अशा पाण्यांचा अनुभव होता. शेतकऱ्याला पाणी पिकाला चालेल की नाही एवढे सांगण्यास तो पुरेसा होता. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या, जांभ्याने झाकलेल्या आणि समुद्राला टेकलेल्या प्रदेशातील पिण्याच्या पाण्यासाठी तो कोणी काढलेला नव्हता.

या विषयावर अधिकाराने लिहिणाऱ्यांनी एकच गुणक कधीही सांगितलेला नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन हेम यांचा नैसर्गिक पाण्याच्या रसायनावरील ग्रंथ १९५९ मध्ये आला आणि १९८५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. त्यात हे गुणोत्तर ०.५४ ते ०.९६ इतके पसरलेले असून बहुतेक पाण्यांत ते ०.५५ ते ०.७५ या दरम्यान असते, असे म्हटले आहे. पाणी-परीक्षणाच्या अमेरिकन प्रमाणित पद्धतींच्या ग्रंथात ०.५५ ते ०.९ ही कक्षा आहे. म्हणजे ज्या ग्रंथांचा हवाला देऊन एक आकडा वापरला जातो, त्या ग्रंथांत तो आकडा नसून एक पल्ला आहे, आणि त्या पल्ल्याची दोन टोके एकमेकांच्या जवळजवळ पावणेदोनपट दूर आहेत.

खिशात मावणाऱ्या पेनासारख्या उपकरणांनी या गोंधळात आणखी भर घातली आहे. यांपैकी अनेकांत ०.५ हा सोडियम क्लोराइडवर आधारलेला गुणक कारखान्यातच बसविलेला असतो. काहींत ‘४४२’ नावाच्या मिश्रणाचा, म्हणजे ४० टक्के सोडियम सल्फेट, ४० टक्के सोडियम बायकार्बोनेट व २० टक्के सोडियम क्लोराइड या मिश्रणाचा, सुमारे ०.७ हा गुणक असतो. २५ अंशांना १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकता असणारे एकच पाणी पहिल्या पेनाने ५००, हस्तपुस्तिकेच्या गुणकाने ६४० आणि दुसऱ्या पेनाने ७०० मिलिग्रॅम प्रति लिटर भरते. तिन्ही उपकरणे अचूक आहेत, तिन्ही नीट प्रमाणित केलेली आहेत. पाणी तर एकच आहे.

वीज कोण वाहून नेते

या विसंगतीचे मूळ समजण्यास १८७०च्या दशकातील कोलराउश यांच्या संशोधनाकडे जावे लागते. विरल द्रावणात प्रत्येक आयन आपापल्या गतीने आणि इतरांपासून जवळजवळ स्वतंत्रपणे वीज वाहून नेतो, हा त्यांचा निष्कर्ष. २५ अंश तापमानाला क्लोराइडची सममूल्य वाहकता ७६, सोडियमची ५०, कॅल्शियमची ५९.५ आणि बायकार्बोनेटची ४४.५ आहे. याउलट सममूल्य वजने अनुक्रमे ३५.५, २३, २० व ६१ आहेत. बायकार्बोनेट वजनाने जड आणि चालीने मंद आहे. क्लोराइड हलका असून चपळ आहे. म्हणून एक मिलिसममूल्य मीठ विरल द्रावणात सुमारे १२६ मायक्रोसीमेन्स वाहकता देते व त्याचे वजन ५८ मिलिग्रॅम भरते, गुणोत्तर ०.४६. तेवढेच कॅल्शियम बायकार्बोनेट १०४ मायक्रोसीमेन्स देते व त्याचे वजन ८१ मिलिग्रॅम भरते; गुणोत्तर ०.७८.

परंतु येथे आणखी एक पेच आहे, आणि त्याची दखल फारच थोड्या लेखांत घेतलेली दिसते. बशीत आटविताना बायकार्बोनेट बायकार्बोनेट राहत नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाणी निघून जाते आणि कार्बोनेट उरते. म्हणजे त्याचे निम्म्याहून किंचित अधिक वजन हवेत जाते. वरील ८१ मिलिग्रॅमचा अवशेष ५० मिलिग्रॅम उरतो, आणि ०.७८ चा गुणक ०.४८ होतो. ‘विरघळलेले घनपदार्थ’ म्हणजे पाण्यात असलेल्या आयनांची बेरीज की आटविल्यावर उरणारा अवशेष, हे ज्याने सांगितलेले नाही, त्याच्या आकड्याचा अर्थच ठरलेला नाही. प्रमाणके ठरविताना अवशेष गृहीत धरलेला असतो. म्हणून पुढील विवेचनातही तोच धरला आहे.

सिलिकेचे प्रकरण याहून वेगळे आहे. सामान्य विहिरीच्या पाण्यात ती विद्युतभाररहित रेणूंच्या रूपात असते. तिच्यामुळे वीज अजिबात वाहत नाही, परंतु बशीत ती संपूर्ण उरते. वाहकतामापकाच्या दृष्टीने सिलिका अस्तित्वातच नसते.

मालवणची दोन पाणी

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची भूरचना या प्रश्नासाठी जणू मुद्दाम रचलेली आहे. आतल्या अंगाला जांभ्याचे सडे. पावसाळ्यात त्यांच्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते आणि तितक्याच झपाट्याने पायथ्याशी झऱ्यांवाटे बाहेर पडते. शतकानुशतकांच्या पावसाने या दगडातील विद्राव्य द्रव्य केव्हाच धुऊन नेलेले असल्याने येथील विहिरींचे पाणी मृदू, किंचित आम्लधर्मी आणि क्षारांनी अत्यंत कमी असे असते. समजा, अशा एका विहिरीची वाहकता १०० मायक्रोसीमेन्स आहे आणि सिलिका २० मिलिग्रॅम. आयनांचा अवशेष सुमारे ४८ मिलिग्रॅम, त्यात सिलिका मिळवली की ६८. गुणक ०.६८. सिलिकेचे प्रमाण २० ऐवजी ३० असते तर हाच गुणक ०.७८ झाला असता, आणि वाहकतेचा आकडा मात्र हलला नसता.

बाहेरच्या अंगाला वाळूचे दांडे आहेत. एका बाजूला कर्ली नदीची खाडी व दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र यांच्यामध्ये तारकर्लीपासून देवबागपर्यंत गेलेला चिंचोळा पट्टा, तसाच कालावलच्या खाडीलगत तोंडवळी-तळाशीलचा पट्टा. येथे विहिरीतील गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारे पावसाचे भिंग होय. गोडे पाणी हलके असल्याने समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी जितकी, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत ते खाली पसरते, हा घायबेन व हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सर्वपरिचित आहे. त्याची उलट बाजू मात्र तितकीशी मनावर घेतली जात नाही : विहिरीची पातळी हातभर उतरली की सिद्धांततः खालचे खारे पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकते. १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधविहीर, साखरविहीर व दहीविहीर या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, याचे पर्यटकांना जे आश्चर्य वाटते त्याच्या मुळाशी हेच घनतेचे गणित आहे. बेटावर पडणारा पाऊस आणि उपसा यांचे प्रमाण जोवर सांभाळले जाते, तोवर समुद्राच्या मधोमधही विहीर गोडी राहते. देवबागच्या दांड्यावर न्याहारी-निवासाच्या व्यवसायाबरोबर विजेचे पंप वाढले, तेथे हे प्रमाण सांभाळणे कठीण झाले आहे. मे महिन्यात पाणी ‘मचूळ’ होते, असे तेथील माणसे म्हणतात. हा शब्द कोणत्याही पेनाहून जुना आहे आणि खारट व गोडे यांच्यामधली नेमकी ती पायरी दाखवितो.

या मचूळ पाण्याचा गुणक किती? समुद्राच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३,००० मायक्रोसीमेन्स असते व एका लिटरात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात, गुणोत्तर ०.६७ ते ०.६८. हे पाहून ०.६४ किनाऱ्याला तरी लागू पडत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विहिरीत समुद्राचे पाणी निव्वळ येत नाही. एक-दोन टक्के येते. शंभर भागांत एक भाग समुद्र मिसळला तर क्षार शंभरपटीने कमी होतात. वाहकता तेवढी कमी होत नाही. दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवितात, विरल द्रावणात मोकळे होतात. त्यामुळे एक टक्का मिश्रणाची वाहकता ५३० नसून ७०० च्या पुढे जाते, क्षार मात्र ३६० मिलिग्रॅमच राहतात. गुणोत्तर ०.५ च्या आसपास येते. तोच समुद्र, तेच क्षार, त्याच प्रमाणात. केवळ विरलतेमुळे गुणक ०.६७ वरून ०.५ वर उतरला. ५३,००० ला भागून विहिरीत समुद्राचे पाणी किती टक्के शिरले हे सांगणाऱ्या अभ्यासांतही हीच चूक लपलेली असते. एक टक्क्याचे सुमारे १.४ टक्के होतात.

तेव्हा सड्यावर ०.६८ आणि दांड्यावर ०.५, आणि त्याच दांड्यावरील विहीर ऑगस्टमध्ये पावसाने भरलेली असताना या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. ०.६४ हा आकडा यांपैकी कोणाचाही नाही.

प्रमाणित पद्धतींच्या ग्रंथातील एका सूचनेमुळे येथे उलटीच आपत्ती ओढवू शकते. अवशेष व वाहकता यांचे गुणोत्तर ०.५५ ते ०.७ या कक्षेबाहेर गेले तर मोजमाप संशयास्पद समजून पृथक्करण पुन्हा करावे, असे त्यात सुचविले आहे. सर्वसाधारण पाण्यासाठी ही सूचना रास्त आहे. परंतु मचूळ पाण्याचे काळजीपूर्वक वजन करून ज्याला ०.५ मिळाले, तो विद्यार्थी या सूचनेमुळे स्वतःच्या बरोबर उत्तरावर अविश्वास दाखवील आणि बहुधा ते दुरुस्तही करून टाकील.

तक्त्यातील चक्र

आता नित्य परिचयाच्या तक्त्याकडे वळता येईल. एका स्तंभात वाहकता, शेजारी टीडीएस, खाली सहसंबंध गुणांक ०.९९ किंवा सरळ १.००, आणि विवेचनात असे विधान की, या परिसरात वाहकता व विद्राव्य घनपदार्थ यांच्यात अत्यंत दृढ संबंध आढळला. टीडीएसचा स्तंभ जर वाहकतेला गुणूनच भरलेला असेल, तर हा शोध उपकरणाच्या कारखान्यात बसविलेल्या गुणकाचा शोध आहे. पाण्याविषयी त्यातून काहीही कळत नाही. सहसंबंध एकाहून किंचित कमी आला असेल तर तो आकडे पूर्णांकात लिहिल्यामुळे आला आहे, एवढेच.

असे लेख परीक्षणासाठी येतात तेव्हा एक साधी कसोटी हाताशी आहे. दुसरा स्तंभ पहिल्याने ओळीओळीने भागून पाहावा. सर्व ओळींत दोन दशांशस्थळांपर्यंत एकच भागाकार आला, तर तेथे बशी तापलेली नाही. खऱ्या वजनाचे आकडे असे शिस्तीत उभे राहत नाहीत. त्यांत सिलिका असते, बायकार्बोनेटचा लहरीपणा असतो, विश्लेषकाचा हात असतो. ज्या लेखात पद्धतीच्या रकान्यात वजनाची रीत लिहिली आहे आणि भागाकार मात्र सर्वत्र ०.६४ आहे, तेथे प्रश्न रसायनाचा उरत नाही.

वजन खरोखर केलेल्या अभ्यासांतही एक दोष शिरतो. सड्यावरील वीस विहिरी ६० ते १५० मायक्रोसीमेन्सच्या, आणि किनाऱ्यावरील चार विहिरी १५०० ते ३००० च्या, असा नमुनासंच घेतला तर आलेखावर वीस ठिपके कोपऱ्यात दाटीने बसतात आणि दूरचे चार ठिपके रेषेची दिशा ठरवितात. सहसंबंध भव्य येतो. परंतु मिळालेला उतार किनाऱ्याचा असतो, सड्याचा नव्हे. त्यातून संगणकाच्या तक्त्यात रेषा शून्यातूनच जावी असा आदेश दिला की उरलीसुरली माहितीही जाते. वाहकता शून्य असताना अवशेष शून्य का असावा? वाहकतेला न दिसणारी सिलिका नेमकी तेथे, रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते त्या उंचीत, राहत असते. वीस मिलिग्रॅमची ती उंची ‘नगण्य’ म्हणून पुसली की सड्यावरील पाण्याचा जवळजवळ तीस टक्के घनपदार्थ पुसला जातो.

पाणी-गुणवत्ता निर्देशांकांचा प्रकार याच चक्राचा पुढचा फेरा होय. वाहकता आणि टीडीएस ही दोन स्वतंत्र परिमाणे मानून दोघांनाही भार दिला जातो. १ ते ५ असे भार हाताने वाटण्याच्या रीतीत टीडीएसला चार-पाच आणि वाहकतेला तीन-चार मिळतात, म्हणजे एकच मोजमाप दोनदा मतदान करते. ज्या रीतीत भार प्रमाणकाच्या व्यस्त प्रमाणात ठरतो, तेथे दोघांचेही वजन इतके नगण्य होते की दुहेरी मोजणीने फारसे बिघडत नाही. मग ती परिमाणे घेतलीच कशाला, हा प्रश्न तेवढा राहतो. येथे हेही नमूद करणे आवश्यक आहे की, भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्याच्या वाहकतेसाठी मर्यादाच दिलेली नाही. लेखांतून वाहकतेची म्हणून जी निरनिराळी प्रमाणके उद्धृत होतात, ती तेथील नव्हेत.

वजनाचीही बाजू

याचा अर्थ वजन पवित्र आणि वाहकता भ्रष्ट, असा लावणे चूक ठरेल. सड्यावरील ६० मिलिग्रॅमच्या पाण्याचे १०० मिलिलिटर आटविले तर बशीत ६ मिलिग्रॅम उरतात. पन्नास ग्रॅमच्या बशीवर ६ मिलिग्रॅम तोलताना अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक पडला तरी आठ टक्क्यांची चूक झाली. दांड्यावरील पाण्याच्या अवशेषात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे असतात आणि ती हवेतील ओल अधाशासारखी शोषून घेतात. जून महिन्यात मालवणच्या हवेत डेसिकेटरचे झाकण उघडून बशी तराजूवर ठेवीपर्यंत आकडा चढू लागतो. या सर्वांच्या तुलनेत वाहकतेचे मोजमाप सरळ आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०१ नॉर्मल द्रावणावर, म्हणजे २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्सवर, उपकरण लावून घेतले आणि तापमान नोंदविले की दोन टक्क्यांच्या आत उत्तर मिळते. तापमानाची नोंद मात्र टाळता येत नाही. दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाहकता वाढते; मे महिन्यात ३० अंशांचे पाणी २५ वर आणावयाचे राहिले तर दहा टक्के चूक केवळ उन्हाची असते.

मग मोजलेली वाहकता वाहकता म्हणूनच का छापली जात नाही? त्याचे कारण बहुधा असे की, ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ हे एकक वजनदार वाटते, आणि प्रमाणकही त्याच एककात आहे. वाचकाला प्रमाणकाशी तुलना करावयाची असते. म्हणून लेखक ती तुलना शक्य करून देतो, जरी त्यासाठी न केलेले मोजमाप केल्यासारखे दाखवावे लागले तरी.

मर्यादेच्या रेषेवर

सड्यावरील चूक प्रत्यक्ष व्यवहारात निरुपद्रवी आहे. पाणी ५१ मिलिग्रॅमचे की ६८ चे, याने पिणाऱ्याचे काही अडत नाही. तेथे पेनाचा उपद्रव निराळ्या वाटेने होतो : जलशुद्धीकरण यंत्राचा विक्रेता आकडा दाखवून मुळातच क्षारहीन असलेले पाणी आणखी क्षारहीन करण्याचे यंत्र घरात बसवून जातो. आकडा कमी असला तरी तो आकडा आहे, आणि यंत्रातून आलेला आणखी कमी आहे, एवढे प्रात्यक्षिक पुरेसे होते.

किनाऱ्यावर मात्र चूक नेमकी मर्यादेच्या रेषेवर पडते. मानक १०५०० नुसार टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० व १००० आहेत. दांड्यावरील एका विहिरीची वाहकता ८०० मायक्रोसीमेन्स आहे असे समजू. ०.६४ ने गुणल्यास ५१२ येतात व विहीर ‘मर्यादेबाहेर’ म्हणून नोंदविली जाते. समुद्र मिसळल्यामुळे ही वाहकता आली असेल तर खरा अवशेष ४१० च्या आसपास आणि क्लोराइड १९० च्या आसपास असते. विहीर दोन्ही कसोट्यांना उतरते. मे महिन्याच्या यादीत तिचे नाव चढले तर एका वाडीची एकमेव बाव गुणकामुळे वाईट ठरते.

आता उलट बाजू. वाहकता ९८० आहे आणि पेनात ०.५ आहे. आकडा ४९० दिसतो, विहीर ‘मर्यादेत’ ठरते. समुद्राच्या क्षारांत क्लोराइडचा वाटा ५५ टक्के असल्याने तेथे क्लोराइड २५० च्या उंबरठ्यावर येऊन उभे असते. टीडीएसची रेषा ओलांडण्यापूर्वीच, किंवा फार तर तिच्याबरोबरच, क्लोराइडची रेषा ओलांडली जाते. आणि भिंग पातळ होत चालल्याची ही पहिली खूण असल्याने त्या उंबरठ्याचे महत्त्व चवीपेक्षा अधिक आहे. उपसा तेव्हाच आवरला तर विहीर वाचण्याची शक्यता असते.

नायट्रेटचे तर नावच नको. वाळूच्या पट्ट्यात शोषखड्डे व विहिरी शेजारी शेजारी असतात. ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा, आणि तिला कोणतीही सवलत नाही. एवढे नायट्रेट सोडियमसह पाण्याच्या वाहकतेत ९० मायक्रोसीमेन्सहून कमी भर घालते. ३५० मायक्रोसीमेन्सच्या ‘उत्तम’ विहिरीत ते सुखाने लपून राहू शकते. टीडीएसचा आकडा पाहून ‘पाणी चांगले’ असा शेरा मारणाऱ्या प्रकल्पांत हा विचार आलेला दिसत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, टीडीएस ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे घरगुती आरओ यंत्रांच्या वापरावर निर्बंध आणण्याचे निर्देश दिले, तेव्हा पाण्याची बचत व क्षारांची आवश्यकता हे दोन्ही हेतू रास्त होते. परंतु ५०० हा आकडा कोणत्या रीतीने काढलेला, हा प्रश्न तेथेही उभा राहतो. ७१५ ते १००० मायक्रोसीमेन्स या पट्ट्यातील प्रत्येक विहीर एका पेनाने रेषेच्या अलीकडे आणि दुसऱ्याने पलीकडे जाते, आणि मालवण किनाऱ्यावरील मे महिन्याच्या मचूळ विहिरींसाठी हाच पट्टा कळीचा आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या ब्युरेटने क्लोराइड काढणे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमते, आणि किनाऱ्यावरील विहिरीविषयी ते एकटे अनुमानित टीडीएसपेक्षा अधिक सांगते. सडा, खाडीकाठ आणि दांडा येथील प्रत्येकी आठ-दहा विहिरींचे पाणी ऑगस्टमध्ये एकदा व मेमध्ये एकदा आटवून तोलले, तर तालुक्याचा स्वतःचा गुणक नव्हे, तर तीन-चार गुणक हाती येतील. त्यांना सिलिकेसाठी लागणारी स्थिर बेरीजही मिळेल. ज्यांना एवढेही शक्य नाही, त्यांनी २५ अंशांची वाहकता छापावी आणि टीडीएसचा स्तंभ रिकामा ठेवावा. गुणलेला आकडा द्यावयाचाच असेल, तर स्तंभाच्या डोक्यावर ‘वाहकता × ०.६४’ असे लिहिण्यास जागा पुरते. देवबागसारख्या ठिकाणी नमुना घेतल्याचा दिवसच नव्हे, तर वेळ आणि पंप किती वेळ चालू होता हेही लिहावे लागेल. कारण तेथे सकाळची बाव आणि दोन तास उपसा झाल्यानंतरची बाव यांचे पाणी एकच असेल, असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.